माळवा-निमाडची वस्त्रे, कारागिरी आणि लोकपरंपरा: इंदूरच्या मराठी घरांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमधील मराठी घरांत लग्नकार्य असले, किंवा पुण्या-नागपूरकडचे नातेवाईक सुट्टीत आले, की महेश्वरची साडी, बागची छपाई, संजा आणि भगोरिया यांविषयी ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे आलेले असे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी आणि गुंतागुंतीचे नंतर घेतले असून, एकाच गोष्टीची पुनरुक्ती टाळण्यासाठी जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. इंदूरची स्वतःची साडी कोणती? पाहुण्यांना काय घेऊन द्यावे?

इंदूर ही प्रामुख्याने बाजारपेठ आहे. येथे विकली जाणारी बहुतेक पारंपरिक वस्त्रे आसपासच्या गावांत तयार होतात: साडी महेश्वरची, ठशांची छपाई बागची आणि बाटिक उज्जैनजवळच्या भेरूगढचे. म्हणून 'इंदूरची साडी' अशी मागणी करण्याऐवजी गावाचे नाव घेऊन मागणी करावी. दुकानदारही मग नेमका माल काढतो. इंदूरचीच म्हणावी अशी एक कारागिरी मात्र आहे आणि ती आपल्याच शहरात फार थोड्यांना ठाऊक आहे. ती म्हणजे चामड्याची खेळणी. तारेच्या सांगाड्यावर भराव घालून आणि त्यावर चामडे चढवून घोडे, हरणे, उंट असे प्राणी केले जातात. या खेळण्यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. पाहुण्यांना साडीच द्यायची असा आग्रह नसेल, तर ही भेट अवश्य द्यावी.

२. महेश्वरी साडी नेमकी कशी ओळखावी?

महेश्वर हे खरगोन जिल्ह्यातील, नर्मदेच्या उत्तर काठावरचे गाव असून इंदूरपासून सुमारे ९० किलोमीटरवर आहे. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ या काळात कारभार केला तो तेथूनच, आणि ठिकठिकाणच्या विणकरांना बोलावून त्यांनीच हा माग उभा केला असे परंपरेने सांगितले जाते. मूळची साडी बारीक सुताची, पूर्णपणे सुती असे. विसाव्या शतकात ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, रेशीम आले, आणि रेशमी ताणा व सुती बाणा असलेले 'नीम रेशमी' कापड हीच आज महेश्वरीची सर्वांत परिचित ओळख झाली आहे.

ओळखण्याच्या खुणा तीन. पहिली खूण काठ. महेश्वरीचा 'बुगडी' काठ दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, त्यामुळे साडी उलटसुलट कशीही नेसता येते. काठावरची नक्षी महेश्वरच्या किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडी कोरीवकामावरून घेतलेली असते: नर्मदेच्या लाटांची 'लहर', विटांच्या रचनेची 'ईंट', विणलेल्या चटईची 'चटाई', चमेलीचे फूल. घाटाच्या पायऱ्यांवर बसून भिंतीवरची नक्षी आणि हातातल्या साडीचा काठ एकाच वेळी पाहावा. या साडीविषयी कोणी कितीही सांगितले, तरी त्या एका तुलनेइतके ते पटत नाही. दुसरी खूण पदर. पारंपरिक पदरावर पाच आडवे पट्टे असतात, तीन रंगीत आणि त्यांच्या मधे दोन पांढरे. तिसरी खूण अंग. ते साधे, रेघांचे किंवा चौकडीचे असते. अंगभर मोठी बुट्टी असलेली साडी महेश्वरी म्हणून दाखवली गेली, तर ती महेश्वरला विणलेली असूही शकेल, परंतु जुन्या वळणाची नाही, असे समजावे.

एक गोष्ट येथेच नोंदवणे आवश्यक आहे. हा माग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जवळजवळ बंद पडत आला होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातील रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी किल्ल्यात 'रेहवा' ही संस्था सुरू केली, स्थानिक स्त्रियांना मागावर बसवले आणि विणकाम पुन्हा धरले. आज महेश्वरच्या गल्ल्यांतून मागांचा जो खटखट आवाज ऐकू येतो, त्यात या प्रयत्नाचा मोठा वाटा आहे.

३. महेश्वरी आणि चंदेरी यांत फरक काय? दोन्ही सारख्याच दिसतात.

चंदेरी हे अशोकनगर जिल्ह्यातील गाव पूर्वी ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या राज्यात होते, आणि तेथील साडीला शिंदेशाहीचा आश्रय होता. मुख्य फरक पारदर्शकतेचा. चंदेरीसाठी वापरल्या जाणाऱ्या रेशमी धाग्यावरील नैसर्गिक डिंक काढून टाकला जात नाही. त्यामुळे धागा किंचित ताठ राहतो, आणि कापड हलके, आरपार दिसणारे व झळाळी असलेले होते. महेश्वरीचे अंग त्या मानाने दाट आणि मऊ पडते. चंदेरीच्या अंगावर मागावरच विणलेली बुट्टी असते, त्यांत नाण्यासारखी गोल 'अशर्फी बुट्टी' विशेष प्रसिद्ध आहे. महेश्वरीची सारी शोभा काठात आणि पदरात असते.

४. आजीची महेश्वरी नऊवारी होती. तशी आता मिळेल का? की सहावारीच नऊवारीसारखी नेसावी?

दुकानांत मांडलेल्या साड्या सहावारी, म्हणजे सुमारे साडेपाच मीटर लांबीच्या असतात. नऊ वार म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर. पावणेतीन मीटरची ही तूट निऱ्या कमी करून भरून निघत नाही, आणि काष्टा घातला तरी तो नीट बसत नाही. मात्र एकाच ताण्यावर एकापाठोपाठ अनेक साड्या विणल्या जात असल्यामुळे, विणकराला आधी सांगितल्यास तो लांब लुगडे विणून देऊ शकतो. त्यासाठी काठ, रंग आणि लांबी सर्व आधी ठरवावे लागते, कारण ताणा एकदा मागावर चढला की त्याचा रंग बदलता येत नाही. लग्नसराईत विणकरांकडे वेळ नसतो, म्हणून मागणी काही महिने आधी द्यावी.

५. बाग प्रिंट म्हणजे काय? ते बागेत छापतात म्हणून हे नाव पडले का?

नाही. बाग हे धार जिल्ह्यातील कुक्षी तालुक्यातले गाव आहे आणि त्याच्या कडेने वाहणारी बाघनी नदी या छपाईचा प्राण आहे. हे काम करणारा खत्री समाज मूळचा सिंधचा. मारवाडमार्गे माळव्यात आलेली त्यांची काही कुटुंबे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बागला स्थिरावली. याच गावाजवळ प्राचीन बौद्ध लेणी आहेत, त्यामुळे ही छपाईही तितकीच जुनी असल्याचे पुष्कळदा ऐकायला मिळते. छपाईचे तंत्र जुने आहे हे खरे, परंतु बागमधला त्याचा मुक्काम गेल्या शतकातला आहे.

काम दीर्घ आणि कष्टाचे आहे. कोरे सुती कापड प्रथम धुऊन खारे मीठ, एरंडेल तेल आणि शेळीच्या लेंड्या यांच्या मिश्रणात मुरवले जाते, वाळवले जाते, पुन्हा मुरवले जाते; यामुळे धागा रंग धरण्यास तयार होतो. मग हिरड्याच्या पाण्यात बुडवल्यावर कापडाला फिकट पिवळसर छटा येते. त्यानंतर लाकडी ठशांनी छपाई होते. काळ्यासाठी गंजलेले लोखंड आणि गूळ कुजवून केलेले पाणी, लाल रंगासाठी चिंचोक्यांच्या खळीत मिसळलेली तुरटी. गंमत ही की, छापताना लाल रंग दिसतच नाही. तुरटी केवळ जागा धरून ठेवते. काही दिवस कापड तसेच ठेवून नदीच्या वाहत्या पाण्यात धुतल्यावर, तांब्याच्या मोठ्या कढईत अलिझरिन हा लाल रंग आणि धावड्याची फुले घालून ते उकळले जाते, आणि तेव्हा कुठे तुरटी लागलेल्या जागी लाल रंग उमटतो. पूर्वी अलिझरिनच्या जागी आल या झाडाच्या मुळ्या वापरत, ज्यांची माळव्यात लागवड होत असे. शेवटी काठावरच्या खडकांवर कापड उन्हात पसरून पुन्हा पुन्हा ओले केले जाते, म्हणजे पांढरी जमीन उजळते. बाघनीच्या पाण्यातील खनिजांमुळे रंगाला चमक येते असे छापणारे सांगतात, आणि दुसऱ्या पाण्यात धुतलेल्या कापडाची तुलना स्वतः करून पाहिल्यावर आम्हालाही ते पटले.

जुने ग्राहक होते परिसरातील आदिवासी, आणि छपाई त्यांच्या घागऱ्यांसाठी व ओढण्यांसाठीच होत असे. आज शहरांत जे मोठ्या हौसेने विकत घेतले जाते, ते मुळात शेतावर आणि हाटात नेसण्याचे कापड होते, ही आठवण घेणाऱ्याने जरूर ठेवावी.

६. बागच्या नावाखाली यंत्रावर छापलेले कापड विकले जाते. खरे कसे ओळखावे?

कापड उलटे करून पाहावे. ठशाने छापलेला आणि कढईत उकळलेला रंग मागच्या बाजूलाही पुष्कळसा पोहोचलेला असतो. यंत्राची छपाई बहुधा वरच्या वर राहते. दुसरे, एक ठसा संपून दुसरा सुरू होतो तेथे किंचित फट किंवा किंचित ठशावर ठसा चढलेला दिसतो. हाताच्या कामाची ही सही आहे, तो दोष मानून किंमत कमी करायला सांगू नये. महेश्वरी किंवा चंदेरी हातमागाची आहे का हे पाहताना काठाच्या अगदी कडेला, दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरावर सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रे दिसतात का ते पाहावे. विणताना कापड ताणून धरण्याच्या साधनाची ती खूण असते. शासनाचे हातमाग चिन्ह असले तर उत्तमच. रेशीम तपासण्यासाठी पदराच्या गोंड्यातला एकच धागा जाळून पाहावा: जळलेल्या केसांसारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. साडीला काडी लावू नये.

७. उज्जैनचे भेरूगढ आणि नीमचकडचे नांदना यांचा बागशी संबंध आहे का?

थेट नाही. भेरूगढ क्षिप्राकाठी असून तेथील छिपा कारागीर मेणाने कापडाचा काही भाग झाकून रंगवतात. मेणाला तडे गेल्यामुळे उमटणाऱ्या बारीक रेषा ही बाटिकची ओळख होय. नांदना ही नीमच जिल्ह्यातील तारापूर-उमेदपुऱ्याची निळीची छपाई आहे, आणि तीही प्रामुख्याने भिल स्त्रियांच्या घागऱ्यांसाठी होत असे.

८. या साड्या जपाव्यात कशा?

बागचे कापड पहिल्यांदा वेगळे, थंड पाण्यात धुवावे आणि सावलीत वाळवावे. महेश्वरी आणि चंदेरी मलमलच्या जुन्या धुवट फडक्यात गुंडाळाव्यात, प्लास्टिकमध्ये कधीच नाही. दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदलावी, नाहीतर घडीच्या रेघेवरच जर आणि रेशीम तुटते. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नयेत. आमच्या घरी पेटीत वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिलेली एक साडी घडीच्या चारही रेघांवर विरली, तर वारंवार नेसलेल्या तिच्या जोडीच्या साड्या आजही धड आहेत.

९. होळकरी पगडी, शिंदेशाही पगडी आणि माळव्याचा साफा हे एकच का?

नाही. पगडी आधी बांधून, शिवून तयार केलेली असते आणि टोपीसारखी डोक्यावर ठेवली जाते. फेटा किंवा साफा प्रत्येक वेळी डोक्यावरच बांधावा लागतो. पुणेरी, शिंदेशाही आणि होळकरी या पगड्यांची घडण एकमेकींपासून वेगळी आहे, त्यामुळे इंदूरच्या लग्नात पुणेरी पगडी मागवून तिला 'होळकरी' म्हणणे बरोबर नाही. माळव्याचा साफा ही येथील शेतकऱ्याची नित्याची वस्तू आहे.

१०. मुलीच्या मैत्रिणी भिंतीवर 'संजा' मांडतात. ही आपली भुलाबाईच का?

दोघी बहिणी म्हणाव्यात इतक्या जवळच्या आहेत, परंतु एक नव्हेत. संजा माळव्यात भाद्रपद पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत, म्हणजे पितृपक्षात मांडली जाते. कुमारिका भिंतीवर शेणाने आकृती काढतात आणि ती तेरडा, गुलबक्षी, झेंडू यांच्या पाकळ्यांनी सजवतात. रोजची आकृती वेगळी. पंचमीला 'पाँच कुंवारे', सप्तमीला सातिया म्हणजे स्वस्तिक, अष्टमीला आठ पाकळ्यांचे फूल, नवमीला 'डोकरा-डोकरी' म्हणजे म्हातारा-म्हातारी. शेवटच्या दिवसांत या सर्वांना सामावून घेणारा मोठा 'किलाकोट' उभा राहतो, आणि अखेरीस सगळी सजावट खरवडून पाण्यात सोडली जाते. संध्याकाळी गाणी होतात आणि झाकून आणलेला प्रसाद इतरांनी ओळखायचा असतो. ज्यांनी भोंडल्याची खिरापत ओळखली आहे, त्यांना हा खेळ समजावून सांगावा लागत नाही.

विदर्भातील भुलाबाई भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर चालते आणि तिच्यात शंकर-पार्वतीच्या मातीच्या मूर्ती असतात. पश्चिम महाराष्ट्रातील भोंडला किंवा हादगा पाटावरील हत्तीच्या चित्राभोवती खेळला जातो. सासर-माहेरच्या तक्रारी, भाऊ न्यायला येण्याची वाट पाहणे आणि खाण्यापिण्याची चेष्टा हा गाण्यांचा गाभा मात्र सगळीकडे सारखा आहे. मुलगी संजा मांडत असेल तर तिला थांबवू नये. पितृपक्षात शुभ काही करू नये असे मानणाऱ्या मराठी आजींना हे खटकते, पण माळव्यात तो पक्ष मुलींच्या गाण्यांचाही आहे. बाजारातला छापील कागदी संजा आणण्यापेक्षा, शेण मिळत नसेल तर साध्या मातीवर पाकळ्या लावाव्यात.

११. निमाडची 'जिरोती' आणि आपली 'जिवती' यांत काही संबंध आहे का? तिथी तर वेगळ्या सांगतात.

तिथी वेगळ्या नाहीत, महिन्यांची नावे वेगळी आहेत. माळवा-निमाडात महिना पौर्णिमेला संपतो, महाराष्ट्रात अमावास्येला. त्यामुळे जिला येथे श्रावणातली हरियाली अमावास्या म्हणतात, तीच आपली आषाढातली दीप अमावास्या. त्या दिवशी निमाडी घरांत गेरूच्या जमिनीवर जिरोतीचे चित्र काढतात, आणि मराठी घरांत जिवतीचा कागद भिंतीवर लागतो, ज्यावर नरसिंह, कालियामर्दन, जरा-जिवंतिका आणि बुध-बृहस्पती असतात. दोन्हींत मागणे एकच: लेकरे सुखरूप राहोत. पंचांगातील हाच फरक संजाच्या तिथीलाही लागू आहे (प्रश्न १०); शेजारीण 'आश्विन कृष्ण पक्ष' म्हणाली, तरी तो आपला भाद्रपदच होय.

१२. मांडणा म्हणजे रांगोळीच ना?

रांगोळी कोरड्या पुडीची, मांडणा ओला. शेणाने सारवून गेरूने रंगवलेल्या जमिनीवर खडूच्या मातीचे पाणी कापसाच्या बोळ्यातून किंवा कापडाच्या चिंधीतून बोटावर उतरवत मांडणा काढतात. तो वाळला की अनेक दिवस टिकतो.

१३. पिठोरा चित्र पिठोरी अमावास्येचे असते का? ते दिवाणखान्यात लावावे का?

नावाच्या सारखेपणामुळे हा प्रश्न दरवर्षी श्रावणात येतो. पिठोरी अमावास्येला मराठी स्त्रिया चौसष्ट योगिनींचे पूजन करतात. भिल, भिलाला आणि गुजरातेतील राठवा यांचा पिठोरा हा वेगळा देव, वेगळा विधी आहे. नवस फेडण्यासाठी घराच्या मुख्य भिंतीवर चौकट आखून तिच्यात घोड्यांच्या रांगा काढतात. चित्र काढणारा लिखिंदरा आणि विधी करणारा बडवा, अशी कामे वाटलेली असतात. भाबऱ्याचे पेमा फत्या हे या परंपरेतील थोर लिखिंदरा होऊन गेले.

ठिपक्यांनी भरलेली झाडे, मोर, हरणे असलेली जी भिली चित्रे कागदावर आणि कॅनव्हासवर विकली जातात, ती मात्र पूजेची नव्हेत. झाबुआ जिल्ह्यातील पिटोलच्या भुरीबाई भोपाळच्या भारत भवनात मजुरीसाठी आल्या असता चित्रकार ज. स्वामीनाथन यांनी त्यांना कागद-रंग दिले, आणि तेथून ही चित्रकला जगासमोर आली; २०२१ मध्ये भुरीबाईंना पद्मश्री मिळाली. असे चित्र घरात निःशंकपणे लावावे, आणि खाली चित्रकाराचे नाव लिहावे. पूजेचा पिठोरा मात्र ज्या घराचा नवस, त्याच घराच्या भिंतीवर असावा, असे आमचे मत आहे.

१४. भगोरियात मुले-मुली पळून जाऊन लग्न करतात, हे खरे का? आम्ही पाहायला जावे का?

ही समजूत इतकी पसरली आहे की तिचे खंडन करताना आम्हाला दरवर्षी तेच सांगावे लागते. भगोरिया हा होळीपूर्वीच्या सात दिवसांत झाबुआ, आलिराजपूर, धार, बडवानी आणि खरगोन जिल्ह्यांत भरणारा आठवडी हाट आहे. ज्या गावाचा जो बाजारवार, त्या दिवशी तेथे भगोरिया. लोक होळीचे सामान घेतात, मांदल नावाचा ढोल आणि थाळी यांच्या तालावर नाचतात, एका फळियाच्या, म्हणजे वस्तीच्या, मुली एकाच रंगाचे कपडे घालून येतात. मजुरीसाठी गुजरातेत गेलेली माणसे या हाटासाठी घरी परततात. लग्ने ठरतात ती कुटुंबांच्या आणि पंचांच्या बोलण्यातून. 'पळून जाण्याचा सण' या वर्णनाला आदिवासी संघटनांनी वारंवार आक्षेप घेतला आहे, आणि तो रास्त आहे. सातपुड्याच्या पलीकडे नंदुरबार-जळगावकडे हाच बाजार 'भोंगऱ्या' म्हणून भरतो. खानदेशातील वाचकांना तो परका नसेल.

पाहायला अवश्य जावे, पण बाजारात जाणाऱ्या माणसासारखे जावे. काही विकत घ्यावे, आणि विचारल्याशिवाय कोणाचाही, विशेषतः मुलींचा, फोटो काढू नये.

१५. शाळेत मुलीला 'आदिवासी' वेशभूषा करायची आहे. काय घालावे?

'आदिवासी' असा एकच वेश नाही. आपल्या भागात भिल, भिलाला, बारेला, पटेलिया हे वेगवेगळे समाज आहेत. पानांचे घागरे, काळे फासलेले तोंड, डोक्याला पिसे हे सर्व टाळावे. शेजारच्या बाकावर भिलाला मुलगी बसलेली असू शकते आणि तिला ते लागते. भिल स्त्रीचा वेश म्हणून घेरदार घागरा, चोळी आणि ओढणी, गळ्यात हांसली आणि कमरेला कंदोरा पुरेसे आहे. मुलाला धोतर, बंडी आणि साफा. कोणत्या समाजाचा आणि कोणत्या जिल्ह्याचा वेश आहे, हे दोन वाक्यांत बोलायला मुलांना शिकवावे.

१६. सराफ्यात जुने भिली चांदीचे दागिने मिळतात. घ्यावेत का?

चांदी ही या समाजांची गाठीची बचत असते, आणि बाजारात येणाऱ्या जुन्या दागिन्यांतले अनेक अडचणीत गहाण पडून सुटू न शकलेले असतात. घेण्यात गैर नाही, पण 'स्वस्तात मिळाले' म्हणून मिरवू नये. शुद्धता तपासूनच घ्यावे, कारण हुबेहूब दिसणारे गिलिटाचे दागिने सर्रास विकले जातात.

१७. पाताळपाणीला रेल्वेगाडी टंट्या मामांना सलामी देण्यासाठी थांबत असे का?

इंग्रजांशी लढलेले टंट्या भिल, म्हणजेच टंट्या मामा, यांना ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूरला फाशी झाली, आणि महूजवळच्या पाताळपाणीला त्यांचे स्थान आहे. गाडी तेथे थांबून त्यांना मान देते, ही लोकांची श्रद्धा. दुसरीकडे, तेथून कालाकुंडकडे रूळ तीव्र उताराने घाट उतरत असल्यामुळे ब्रेक तपासण्यासाठी थांबणे रेल्वेलाही आवश्यक असे. ज्यांनी या गाडीतून प्रवास केला आहे, त्यांना डब्यातील माणसे खिडकीतून हात जोडताना आठवत असतील. थांबण्याचे कारण घाट असला, तरी ते हात टंट्या मामांसाठीच जोडलेले होते.

१८. पणजीचे महेश्वरी लुगडे घडीवर विरले आहे. त्याची गोधडी करावी की ड्रेस शिवावा?

गोधडी सुती लुगड्यांची करावी. नीम रेशमी कापड (प्रश्न २) गोधडीत टिकत नाही, कारण धुतल्यावर सूत आणि रेशीम वेगवेगळे आकसते. लुगडे पूर्ण सुती असेल तर विरलेला मधला भाग गोधडीच्या आतल्या थरात घालावा. ड्रेस शिवण्यापूर्वी कापड उजेडासमोर धरून पाहावे; ज्या भागातून प्रकाश विरळ, जाळीसारखा दिसतो तो शिलाई धरणार नाही. काठ आणि पदर बहुधा सर्वांत शेवटी विरतात. ते उसवून नव्या साध्या साडीला लावता येतात. बुगडी काठ असल्यास कोणती बाजू वर ठेवावी याची चिंता नको, दोन्ही सारख्याच. एक वीतभर तुकडा तरी न कापता वेगळा ठेवावा, आणि त्याच्यासोबत कागदावर पणजीचे नाव, गाव आणि ते लुगडे कोणत्या कार्याला घेतले होते ते लिहून ठेवावे. महेश्वरला गेल्यास हा तुकडा बरोबर न्यावा. जुना काठ पाहून तसाच नवा विणून देणारे विणकर तेथे अजून आहेत.